कुत्र्याचं वेड उशिरा लागलेल्यांसाठी

कुत्र्यांना शिकवण्याच्या आमच्या वर्गात नाव नोंदवताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो: याआधी कधी कुत्रा पाळला होता का? बरेच जण इथे ओशाळतात. "नाही हो, लहानपणी घरात चालायचंच नाही." "मला तर भीतीच वाटायची." "मुलांनी हट्ट केला म्हणून आणला. आता मुलं बाजूला राहिली आणि मीच अडकलोय." हे माहितीपत्रक अशांसाठी आहे. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांपासून कुत्री आहेत त्यांनीही जरूर वाचावं, फक्त एक-दोन ठिकाणी राग येईल.

राग अशासाठी, की आमच्या वर्गात उशिरा आलेली माणसंच बहुतेक वेळा लवकर शिकतात. हे वर्गातलं निरीक्षण आहे, शास्त्र नाही. पण कारण उघड आहे. त्यांच्या हातांना जुनी सवय नसते. पट्ट्याला हिसका देणं, घरात शू केली तर नाक त्यात घासणं, "ए, ए, ए" करत ओरडणं, हे त्यांनी कुठे पाहिलेलंच नसतं. आणि ज्यांना पूर्वी भीती वाटायची ते तर आमचे लाडके विद्यार्थी. भिणारा माणूस आयुष्यभर कुत्र्यांकडे बारकाईने बघत आलेला असतो. कान मागे गेले, अंग ताठ झालं, हे त्याला आधी दिसतं. आम्ही फक्त त्या बघण्याचा अर्थ सांगतो.

वयाची काळजी वाटत असेल तर अमेरिकेतले मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन पिली आठवा. ते कुत्र्यांना नवखे नव्हते, पण चेसर ही बॉर्डर कोली जातीची पिल्ली त्यांच्याकडे आली तेव्हा 2004 साल होतं आणि त्यांनी सत्तरी ओलांडली होती. पुढची तीन वर्षं रोज चार-पाच तास त्यांनी तिला खेळण्यांची नावं शिकवली. एका वेळी एकच वस्तू, तेच नाव पुन्हा पुन्हा, आणि बक्षीस म्हणून मुख्यतः खेळ आणि कौतुक. चेसर 1022 वस्तू नावानं ओळखते, असं सांगणारा त्यांचा शोधनिबंध 2011 साली प्रसिद्ध झाला. आम्ही तुमच्याकडे चार तास मागत नाही. दहा मिनिटं मागतो, तीही तीन-चार तुकड्यांत.

सगळा खेळ एका सेकंदाचा

नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक आवाजाची नसते, वेळेची असते. तुम्ही म्हणता "बस". कुत्रा बसतो. तुम्ही खुश होऊन खिसा चाचपता, पिशवीची गाठ सोडता, तोवर तो उठून तुमच्या हातापाशी आलेला असतो. आता तुम्ही खाऊ देता. तो काय शिकला? उठून हाताशी गेलं की खाऊ मिळतो. पंधरा दिवसांनी तुम्ही आम्हाला सांगता, "हा बसतो, पण टिकत नाही." अहो, तुम्हीच शिकवलंत की!

हा उशीर भरून काढायला आम्ही क्लिकर वापरतो. अंगठ्याएवढी डबी असते, दाबली की 'टिक्' वाजते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड या दांपत्यानं 1940च्या दशकात प्राण्यांना शिकवताना ही पद्धत वापरली. तिच्या मुळाशी मात्र रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह आहेत. त्यांना 1904 साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. खाणं समोर येण्याआधीच कुत्र्यांची लाळ गळते, हे त्या कामातच त्यांच्या लक्षात आलं आणि पुढे तेच जगाच्या लक्षात राहिलं. तर कुत्र्यासोबतच्या पहिल्या दिवशी तुम्ही काहीच शिकवायचं नाही. टिक्, खाऊ. टिक्, खाऊ. असं पंधरा-वीस वेळा. टिक् ऐकताच कुत्र्यानं मान वळवून तुमच्याकडे पाहिलं, की डबीत अर्थ भरला गेला. त्यानंतर ढुंगण जमिनीला टेकल्याच्या क्षणी टिक् करायचं, खाऊ दोन सेकंद उशिरा पोचला तरी बिघडत नाही. डबी नको असेल तर एखादा छोटा शब्द ठरवा. 'शाब्बास' लांब पडतो. तो म्हणून होईपर्यंत कुत्रा उठलेला असतो.

ही टिक् नेमकी पडायला लागली की तुमच्यात काहीतरी बदलतं. पहिल्यांदाच कुत्र्याला तुमचं म्हणणं कळलेलं असतं आणि ते कळलंय हे तुम्हालाही दिसतं. "मला कुत्रे आवडत नाहीत" म्हणत आलेली माणसं साधारण इथेच गारद होतात. आमच्यातल्या एकीनं चाळिशीनंतर पहिल्यांदा कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला, आज ती वर्ग घेते. आधी प्रेम, मग शिकवणं, असाच क्रम असतो असं नाही. तिचा उलटा होता.

जपानमधल्या संशोधकांनी 2015 साली 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे सांगण्याजोगा आहे. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे जास्त वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिनची पातळी वाढते, असं त्यांना आढळलं. हे संप्रेरक आई आणि बाळाच्या नात्यातही महत्त्वाचं असतं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र तसं दिसलं नाही. म्हणून आमचा पहिला धडा 'बस' नाही, 'नाव आणि नजर' आहे: नाव घ्या, तो बघेल, टिक्. अर्थात हे आपल्या कुत्र्यापुरतं. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका, त्याला ती धमकी वाटते.

कुत्रा काय सांगतोय

झोप आलेली नसताना जांभई, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, तोंड बाजूला वळवणं, मध्येच थिजून उभं राहणं. ही सगळी "मला जरा मोकळं सोडा" अशी विनंती असते. शेपूट हलतंय म्हणजे आनंदच आहे, असंही नाही. ताठ अंग आणि उंच, भराभर हलणारं शेपूट दिसलं तर हात मागे घ्या.

गुरगुरण्याबद्दल जरा कडक सांगतो: त्यासाठी कधीही ओरडू किंवा मारू नका. गुरगुरणं ही धोक्याची घंटा आहे. ओरडून तुम्ही घंटा बंद करता, आग तशीच राहते. "न सांगता चावला" म्हणून जे कुत्रे आमच्याकडे येतात, त्यांतल्या अनेकांनी पूर्वी सांगून पाहिलेलं असतं.

आम्ही काय करत नाही

गळा आवळणारी साखळी, झटका देणारा पट्टा आणि "त्याला दाखवून द्या, घरात राजा कोण" हा उपदेश. राजाची गोष्ट बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. अनोळखी लांडगे एका कुंपणात कोंडले होते, भांडणं होणारच. 'अल्फा', म्हणजे कळपाचा राजा, ही कल्पना लोकप्रिय करणाऱ्यांत लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) हे मोठं नाव. रानातले लांडगे प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांनीच 1999 साली लिहिलं, की तो कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तुमच्या सोफ्यावर चढलेल्या कुत्र्याला सिंहासन नको असतं. सोफा मऊ असतो, इतकंच.

नव्याचे नऊ दिवस संपल्यावर

अंगावर उडी मारणाऱ्या कुत्र्याकडे लक्ष देऊ नका, असं आम्ही सांगू. तुम्ही तसं कराल आणि पहिले काही दिवस तो आणखी उड्या मारेल. कालपर्यंत चालणारी युक्ती आज चालेना, म्हणून तो जोर लावून बघतो. लिफ्ट आली नाही की आपणही बटण चार वेळा दाबतोच ना! बहुतेक लोक नेमके इथे हात टेकतात, "बरं, ये" म्हणतात आणि कुत्रा शिकतो की जास्त जोर लावला की काम होतं. त्या आठवड्यात आम्हाला फोन करा. खरंच करा. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच, ही म्हण शेपटापुरती खरी आहे.

सहा महिन्यांपासून साधारण दीड वर्षापर्यंत कुत्रा वयात येत असतो. शिकवलेलं सगळं विसरल्यासारखा वागतो. विसरलेला नसतो.

पिल्लू असेल तर एक घाईची गोष्ट. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसं, आवाज, जमिनी, वाहनं जे काही शांतपणे पाहायला मिळेल, ते त्याला पुढे सहसा परकं वाटत नाही. लशी पूर्ण होईपर्यंत त्याला घरात कोंडून ठेवू नका, कडेवर घेऊन बाहेरचं जग दाखवा. कुठे न्यायचं, कुठे टाळायचं हे पशुवैद्यांना विचारून ठरवा.

खाऊ वाटाण्याएवढा कापा, मऊ असावा, चावत बसायला लागू नये. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही नको. हे कुत्र्याला विषारी आहे.

पहिल्या वर्गाला कुत्रा आणू नका

हो, नीट वाचलंत. पहिल्या दिवशी तुमच्यातलाच एक जण 'कुत्रा' होतो. तो खोलीबाहेर जातो, बाकीचे ठरवतात की त्याला खिडकी उघडायला लावायची. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. तो योग्य दिशेनं वळला की फक्त टिक्. दोन मिनिटांत घाम फुटतो, 'कुत्र्याला'ही आणि शिकवणाऱ्यालाही. एकदा एक गृहस्थ वैतागून मधोमध खाली बसले आणि म्हणाले, "अरे, नक्की हवंय तरी काय तुम्हाला?"

येताना खिसे असलेले सैल कपडे घाला. क्लिकर आम्ही देऊ.