हायपरफोकस : एडीएचडीमधील तंद्री, छंद आणि खेळ

हायपरफोकस म्हणजे एखाद्या कामात, छंदात किंवा खेळात इतके गढून जाणे की वेळ, तहानभूक, झोप आणि आजूबाजूची माणसे यांचे भान सुटते आणि उठायचे मनात असूनही उठवत नाही. असा अनुभव कोणालाही येऊ शकतो. पण एडीएचडी असलेल्यांच्या बोलण्यात तो फार वरचेवर येतो आणि त्यांच्या घरातली बरीचशी भांडणे त्याच्यावरूनच होतात. मराठीत त्याला ‘अतिएकाग्रता’ म्हणता येईल, तरी बोलताना लोक हायपरफोकसच म्हणतात. काही आठवडे किंवा महिने एकाच छंदाने झपाटून जाणे याला ‘हायपरफिक्सेशन’ असा वेगळा शब्द रूढ झाला आहे. पहिला तासांचा मामला, दुसरा महिन्यांचा. आणि दोन्ही बहुधा एकाच माणसात सापडतात.

एडीएचडी म्हणजे ‘अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर’. मराठीत अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता. या नावानेच मोठा घोटाळा केला आहे. ‘न्यूनता’ ऐकले की वाटते, या मुलाकडे लक्ष नावाची गोष्टच कमी आहे. प्रत्यक्षात टाकीत पाणी भरपूर असते, फक्त तोटी आपल्या हातात नसते. कधी थेंब येत नाही, तर कधी बादली भरून मोरी वाहू लागली तरी धार थांबत नाही. वर्गात खिडकीबाहेर बघणारा मुलगा आणि पहाटे चारपर्यंत गेम खेळणारा मुलगा यांत विसंगती नाही, दोन्ही ठिकाणी बिघाड तोटीतच आहे. हे कळले नाही की पुढचे सगळे चुकत जाते.

इतिहास

लक्षाच्या अशा अस्थिरतेचे वर्णन स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८ मध्येच केले होते. लंडनमध्ये १९०२ साली बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. मात्र त्यांनी याला ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ म्हटले आणि तो नैतिकतेचा डाग पुढे बराच काळ पुसला गेला नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी डोकेदुखीसाठी काही मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिले. डोकेदुखीत फारसा फरक पडला नाही, पण मुले अभ्यासाला बसू लागली. मुलांनी स्वतःच त्या औषधाला ‘गणिताच्या गोळ्या’ असे नाव ठेवले. ज्या विषयात कधी जीव रमला नव्हता, त्यात तो रमू लागला होता.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत या अवस्थेला १९६८ मध्ये बालपणातील अतिचंचल प्रतिक्रिया म्हटले गेले, १९८० मध्ये लक्षावर भर आला आणि १९८७ मध्ये आजचे नाव मिळाले. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत लक्ष न लागण्याची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ अशी अठरा लक्षणे आहेत. मुलांमध्ये कोणत्याही एका गटातली किमान सहा लागतात, सतरा वर्षे आणि पुढे किमान पाच. या अठरांमध्ये हायपरफोकस नाही. रुग्ण जी गोष्ट सगळ्यात आधी सांगतात, तीच अधिकृत यादीत नाही, आणि संशोधकांनी तिच्याकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली तीही बरीच उशिरा. २०१९ मध्ये प्रौढांसाठी हायपरफोकसची एक स्वतंत्र प्रश्नावली प्रसिद्ध झाली. एडीएचडीची लक्षणे जास्त असलेल्यांनी तिच्यात हायपरफोकसही जास्त नोंदवला.

‘मनात आणले तर करतो’

लक्षणांच्या यादीत हायपरफोकस नसल्याचा फटका थेट निदानाला बसतो. आई-वडील मुलाला घेऊन जातात आणि शेजारी, आजी-आजोबा, कधी कधी शिक्षकही म्हणतात, ‘याला कसला आजार? चार तास गेम खेळताना बरे लक्ष लागते!’ पुढचे वाक्य ठरलेले असते : ‘मनात आणले तर करतो, पण मनावरच घेत नाही.’ हे वाक्य जितके सहज तोंडातून निघते, तितकेच ते त्या मुलाला आयुष्यभर पुरते. कारण त्याला स्वतःलाही तेच खरे वाटू लागते.

मराठीत या सगळ्यासाठी शब्दांची कमतरता कधीच नव्हती. नाद लागला, खूळ शिरले, तंद्री लागली, झपाटला. आणि मग धरसोड, वेंधळा, आरंभशूर, ‘नव्याचे नऊ दिवस’. प्रत्येक शब्दाने या अवस्थेचा एकेक तुकडा अचूक टिपला आहे. पण हे तुकडे एकाच गोष्टीचे आहेत हे भाषेने जोडून दाखवले नाही, आणि जवळजवळ प्रत्येक शब्दात माणसाच्या स्वभावावर ठपका आहे.

मुलींच्या बाबतीत तर ठपकाही नसतो आणि तेच जास्त घातक ठरते. दिवसभर पुस्तकात डोके घालून बसणारी मुलगी ‘वाचनवेडी’ म्हणून कौतुकाचा विषय होते. तिला हाक ऐकू येत नाही, डबा शाळेतच राहतो, गृहपाठाची वही हरवते, याचा संबंध कोणी लावत नाही. अशा अनेक स्त्रियांना निदान मिळते ते तिशी-चाळिशीत, बरेचदा स्वतःच्या मुलाची तपासणी चालू असताना. आंतरराष्ट्रीय अंदाजांनुसार मुलांमध्ये एडीएचडीचे प्रमाण सुमारे ५ ते ६ टक्के आणि प्रौढांमध्ये सुमारे २.५ टक्के आहे. ती बव्हंशी आनुवंशिक आहे, त्यामुळे एकाच घरात दोन पिढ्यांचे निदान पाठोपाठ होणे यात नवल नाही.

कारणे

मेंदूत बक्षिसाची ओढ आणि प्रयत्न टिकवून धरणे यांच्याशी डोपामिन या रसायनाचा निकटचा संबंध आहे, आणि एडीएचडीमध्ये या यंत्रणेचे काम वेगळ्या रीतीने चालते असे मानण्यास बराच आधार आहे. दूरचे फळ अशा मेंदूला पुरेसे खेचत नाही. तीन महिन्यांनी येणारी परीक्षा आणि पुढच्या वर्षीची पगारवाढ त्याला जवळजवळ अदृश्य असतात. जे नवे आहे, आवडीचे आहे, आव्हान देते किंवा अंगावर आले आहे, तेवढेच पेटते. ‘हे महत्त्वाचे आहे’ एवढ्या कारणाने इतरांचे मन कामाला लागते. एडीएचडीमध्ये नेमके हेच कारण दुबळे पडते.

याला जोड मिळते ती वेळेचा अंदाज चुकण्याची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी एडीएचडीला वेळेबाबतचे आंधळेपण म्हटले आहे. ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’ एवढे दोनच काळ उरतात. दूध गॅसवर ठेवून ‘दोन मिनिटे’ म्हणून मोबाइल हातात घेतला जातो. दोन मिनिटांची पस्तीस होतात. करपल्याचा वास शेजारणीला आधी येतो आणि ती दार वाजवते. बसलेल्या माणसाला विचारावे तर तो शपथेवर सांगेल की दोनच मिनिटे झाली. तो खोटे बोलत नसतो.

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी मांडलेली ‘फ्लो’ ही कामात रंगून जाण्याची अवस्था आणि हायपरफोकस यांत साम्य आहे, पण एक फरक फार मोठा. फ्लोमधून माणूस उठतो तो तृप्त होऊन. हायपरफोकसमधून उठतो तेव्हा मान आखडलेली, तोंड कोरडे, लघवी तुंबलेली, आणि ज्या कामासाठी बसला होता ते तसेच पडलेले.

छंदांचे चक्र

हायपरफिक्सेशनचा क्रम इतका ठरलेला असतो की तो वर्णन करून सांगता येतो. एखाद्या बाईला रात्री साडेदहाला मोबाइलवर क्रोशाने विणलेला चिमुकला ऑक्टोपस दिसतो. साडेअकराला सुयांचे नंबर, धाग्यांचे प्रकार आणि सुरुवातीची ‘मॅजिक रिंग’ कशी घालायची हे पाठ झालेले असते. बाराला बारा रंगांच्या गुंड्यांची ऑर्डर जाते. चौथ्या दिवशी सहा ऑक्टोपस तयार, बोटाच्या पेराला घट्टा, ऑफिसचा अहवाल तसाच, आणि जेवताना, बसमध्ये, फोनवर विषय एकच. घरचे म्हणतात, किती सुंदर! विक्रीला ठेव! तिसऱ्या आठवड्यात पलंगभर पांघरूण सुरू होते. एकोणिसाव्या दिवशी अर्ध्या टाक्यात सुई अडकवून ती उठते आणि पुन्हा त्या विणकामाला हात लावत नाही. त्या पिशवीखाली कपाटात युकुलेले आहे, त्याखाली रेझिनचे साचे, त्याखाली फाउंटन पेनांच्या शाईच्या सात बाटल्या.

बाहेरून हे चंचलपणाचे वाटते. आतून तसे नसते. शिकण्याचा पहिला उंच चढ संपला, रोज नवे काही कळणे थांबले की ज्या इंधनावर गाडी पळत होती तेच संपते. माणसाने छंद टाकलेला नसतो, छंदच एका सकाळी मुका झालेला असतो. त्या कपाटाकडे बघताना होणारी शरम खरी असते आणि गेलेले पैसेही खरे. पण वाया गेले हा हिशेब पूर्ण नाही. त्या एकोणीस दिवसांत विणायला खरोखर येऊ लागलेले असते, आणि दोन वर्षांनी पिशवी पुन्हा उघडली तर बोटांना टाका आठवतो. अशा माणसांच्या हातात दहा कला अर्ध्या असतात. त्यांतल्या दोन-तीनकडे ती फिरून फिरून येतात आणि कालांतराने त्यांत चांगलीच तयार होतात.

स्वमग्नतेतही (ऑटिझम) एखाद्या विषयाची तीव्र ओढ दिसते, पण ती बहुधा वर्षानुवर्षे टिकते. दोन्ही अवस्था एकाच व्यक्तीत असू शकतात, त्यामुळे नुसत्या छंदावरून निष्कर्ष काढू नये.

खेळ

व्हिडिओ गेम या मेंदूसाठी मापून शिवलेल्या कपड्यासारखा बसतो. पुढे काय करायचे ते स्पष्ट, केल्याचे फळ सेकंदात, चुकले तर लगेच दुसरी संधी, आणि बक्षीस कधी येईल याचा नेम नाही. अनियमित मिळणाऱ्या बक्षिसाची सवय सुटायला सर्वांत अवघड जाते, हे मानसशास्त्राला बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांपासून ठाऊक आहे. त्यात प्रत्येक डाव छोटा. बुद्धिबळाचा ब्लिट्झ डाव पाच-दहा मिनिटांत आटोपतो, बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमची मोठी मॅच अर्ध्या तासाच्या आसपास. म्हणून ‘ही शेवटची’ हे वाक्य प्रत्येक वेळी खरे वाटते. दिवसभर वर्गात, घरात, ऑफिसात चुका दाखवल्या गेलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा आपण कशात तरी पटाईत आहोत असे वाटते. ‘गेमच सोड’ म्हणणाऱ्यांना ही गोष्ट सहसा माहीत नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ समाविष्ट आहे. खेळण्यावर ताबा नसणे, इतर सगळ्यापेक्षा खेळाला वरचे स्थान मिळत जाणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, हे साधारण बारा महिने चालले तर हे निदान होते. एडीएचडी असलेल्यांना याचा धोका जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तरीही रात्रभर खेळणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. हायपरफोकसमध्ये अडकलेला मुलगा नवा छंद लागला की तोच गेम महिनाभर उघडतही नाही. पैसे लावून खेळायचे गेम मात्र वेगळ्याच पंगतीत बसवावेत. उतावळेपणा आणि पैसा एकत्र आले की महिन्याचा पगार एका रात्रीत जातो.

खेळांची हीच पकड उपचारासाठी वापरण्याचाही प्रयत्न झाला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२० मध्ये ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ‘एन्डेव्हर आरएक्स’ या गेमला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देण्यास मान्यता दिली. तो औषधाची जागा घेण्यासाठी नव्हे, इतर उपचारांना जोड म्हणून आहे.

‘महाशक्ती’चा समज

हायपरफोकस ही एडीएचडीची महाशक्ती आहे, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते आणि जलतरणपटू मायकेल फेल्प्स यांचे नाव पुढे केले जाते. त्यांना नवव्या वर्षी निदान झाले आणि त्यांनी ऑलिम्पिकची २८ पदके मिळवली, हे खरे. पण अकराव्या वर्षापासून त्यांना रोज ठरल्या वेळी पाण्यात उतरवणारे प्रशिक्षक बॉब बोमनही त्या कथेत आहेत. बाहेरून मिळालेली ती चौकट गाळून फक्त शक्तीचे गोडवे गाणे अन्यायाचे आहे. लक्ष कुठे लागणार हे ज्याला निवडता येत नाही, त्याच्यासाठी ती शक्ती बहुतेक वेळा चुकीच्या दारातच उभी असते.

घरातले उपाय

उपायांचे मूळ सूत्र असे की ज्या वेळेचे भान आत नाही, ते बाहेर ठेवावे. मोबाइलचा गजर बोटाच्या एका फटक्यात बंद होतो. तोच गजर दुसऱ्या खोलीत ठेवला की उठावे लागते, आणि उठणे हीच अर्धी सुटका. लांबून मारलेली हाक कानावर पडूनही मनापर्यंत जात नाही. ताटातल्या वरणभातावर साय धरते, आई तिसऱ्यांदा ओरडते आणि मुलगा ‘आलो ना!’ म्हणून वसकतो. त्याने आधीच्या दोन हाका खरोखर ऐकलेल्या नसतात. खांद्यावर हात ठेवून, डोळ्यांसमोर येऊन बोलणे याला पर्याय नाही. वायफाय अचानक बंद करणे सर्वांत वाईट, कारण गाढ झोपेतून खेचून उठवल्यासारखा भडका उडतो. ‘दहा मिनिटांत बंद कर’ यापेक्षा ‘ही मॅच संपली की’ हे त्याला कळते. अर्थात, त्याआधी आईने मॅच म्हणजे काय हे समजून घेतलेले असावे लागते.

कंटाळवाण्या कामासाठी कोणी नुसते शेजारी बसले तरी पुष्कळ फरक पडतो. इंग्रजीत याला ‘बॉडी डबलिंग’ म्हणतात. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुले शेकड्याने बसतात. घरी पान न उलटणारी कितीतरी मुले तिथे शेजारच्याच्या खाली झुकलेल्या मानेकडे बघून तासन्‌तास वाचतात, तेही हेच. नव्या छंदासाठी आधी उसने साहित्य आणायचे आणि खरेदीची यादी लिहून दोन आठवडे थांबायचे, हा नियम अनेकांना उपयोगी पडला आहे.

औषधांमध्ये मेथिलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन ही भारतात वापरली जातात. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळतात आणि तशीच घ्यावीत. औषध तोटी हातात देते, ती कुठल्या बादलीवर सोडायची हे मात्र सांगत नाही. सकाळची गोळी घेऊन गेमसमोर बसलो तर लक्ष तिथेच चिकटते, असे अनेक जण सांगतात. सोबत वर्तन-विचार उपचारपद्धतीचाही लाभ होतो. सुरुवात कुठून करावी हे न उमजल्यास केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

एडीएचडीसाठी रक्ताची किंवा स्कॅनची चाचणी नाही. निदान होते ते विचारपूस आणि पूर्वेतिहास यांवरून, आणि काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसत होती हे पाहावे लागते. तज्ज्ञांकडे जाणारा प्रौढ माणूस लाजेपोटी छंदांचे कपाट आणि गेमचे तास लपवतो. ते आवर्जून सांगावेत. आणि घरात माळ्यावर शाळेची प्रगतिपुस्तके असतील तर ती झटकून बरोबर न्यावीत. तिसरी-चौथीच्या रकान्यात बाईंनी लाल शाईत लिहिलेला ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा शेरा तिथे पुरावा म्हणून वाचला जातो.