साडेचारास एक

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. बँकेचं खातं उघडताना ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवायला गेलं की कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्याच राहिल्या नाहीत किंवा ज्यांना दिसतच नाही, त्यांनी हे कसं करायचं, असा याचिकाकर्त्यांचा प्रश्न होता. न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सोबत २० निर्देशही दिले.

निकालाबद्दल कुणाची तक्रार नाही. पण वेबसाइट बनवणाऱ्यांशी बोललं की एक वाक्य हटकून ऐकू येतं: "बरोबर आहे हो, पण आपल्या साइटवर अंध माणसं येणार किती?" या वाक्यामागे एक ठाम समजूत आहे. दिव्यांग म्हणजे कुणी वेगळी मंडळी, आणि त्यांच्यासाठी केलेली सोय म्हणजे जास्तीचं काम. ही समजूत विज्ञानाच्या कसोटीवर उभी राहत नाही, आणि ते मला आकड्यांत दाखवायचं आहे.

आधी तत्त्वं थोडक्यात. वेबचे नियम ठरवणारी डब्ल्यू३सी ही आंतरराष्ट्रीय संस्था वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून मार्गदर्शक सूत्रं काढते. पहिली आवृत्ती १९९९ ची, दुसरी २००८ ची, आणि सध्याची २.२ ही ऑक्टोबर २०२३ ची. २००८ पासून सगळी सूत्रं चार तत्त्वांखाली मांडली आहेत. पानावर जे आहे ते डोळ्यांनी, कानांनी किंवा बोटांनी, कुठल्या तरी मार्गाने जाणवलं पाहिजे. ते चालवता आलं पाहिजे, माउस नसला तरी. ते समजलं पाहिजे. आणि ब्राउझर कुठलाही असो, सोबत स्क्रीन रीडरसारखं (स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं) सहायक साधन असो, ते टिकून राहिलं पाहिजे. चित्राला शब्दांत वर्णन द्या, व्हिडिओला कॅप्शन द्या, चूक झाली तर ती फक्त लाल रंगाने न दाखवता शब्दांत सांगा, हे सगळं यातूनच येतं. २.२ मध्ये आणखी एक नियम आला: बोटाने दाबायची जागा किमान २४ गुणिले २४ पिक्सेल हवी. विरारच्या गाडीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फॉर्म भरणाऱ्याला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. अक्षर आणि त्याच्या मागचा रंग यांच्यातला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट. सूत्र सांगतं की साध्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान ४.५ ला १ असावं, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ चालेल. हा साडेचारचा आकडा आला कुठून?

स्क्रीनवरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन ठिपक्यांतून बनतो. आपल्या डोळ्याला हे तिन्ही सारखे उजळ वाटत नाहीत. म्हणून उजळपणा काढताना हिरव्याला ०.७१५२, लाल रंगाला ०.२१२६ आणि निळ्याला फक्त ०.०७२२ इतकं वजन देतात. तिघांची बेरीज १, म्हणजे पूर्ण पांढरा. त्यातही एक खाच आहे. संगणक प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ मधला आकडा देतो, पण आकडा निम्मा झाला की प्रकाश निम्मा होत नाही. ११८ हा आकडा २५५ च्या ४६ टक्के आहे, प्रकाश मात्र जेमतेम १८ टक्के निघतो. हे नातं घातांकाचं असल्यामुळे आधी आकड्यावरून प्रकाश काढायचा, मग वजनं लावायची. शेवटी उजळ रंगाच्या उजळपणात ०.०५ मिळवायचे, गडद रंगाच्या उजळपणातही ०.०५ मिळवायचे आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. पांढऱ्यावर काळं असेल तर १.०५ भागिले ०.०५, म्हणजे २१. याच्या वर प्रमाण जाऊच शकत नाही.

एक बटण करून बघू. भगवं बटण, त्यावर पांढऱ्या अक्षरांत "पुढे जा". तिकिटांच्या साइटवर, बिल भरण्याच्या पानावर ते कुठेही भेटतं. वेबवरचा नेहमीचा नारिंगी घेतला तर त्याचा उजळपणा ०.४८ येतो आणि प्रमाण पडतं १.९७. नापास. बटण तेच ठेवून अक्षरं काळी करा, प्रमाण थेट १०.६ वर जातं. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतात. शुद्ध पिवळा धरला तर तिथे प्रमाण १९ च्या वर येतं. त्याच पिवळ्यावर पांढरी अक्षरं लिहिली तर १.०७, म्हणजे जवळजवळ कोरी पाटी.

सूत्रातले ते ०.०५ मला सर्वांत सुंदर वाटतात. ते स्क्रीनचे नाहीतच. खोलीतला दिवा, खिडकीतला उजेड काचेवर पडून डोळ्यात येतो, तो हा जास्तीचा प्रकाश. तो गडद भागावरही पडतो आणि उजळ भागावरही. आता दारात उभे राहा, ऊन थेट मोबाइलवर येऊ द्या, आणि समजा हे ०.०५ वाढून ०.२ झाले. पांढऱ्यावर काळ्याचं प्रमाण २१ वरून ६ वर घसरतं, तरी वाचता येतं. तिन्ही ठिपक्यांना वरचाच ११८ आकडा दिला की होणारा करडा रंग पांढऱ्यावर घरात ४.५४ मिळवून काठावर पास होत होता, तो ३.१ वर येतो. ज्या फिकट करड्याला घरातच ३ मिळत होते, त्याचं काय होत असेल ते उघड आहे.

मोतीबिंदूतही हेच घडतं. डोळ्याचं भिंग गढूळ होतं, आत आलेला प्रकाश विखुरतो आणि तो डोळ्याच्या पडद्यावरच्या सगळ्या प्रतिमेवर पसरतो. गडद भागावरही, उजळ भागावरही. बेरीज तीच, फक्त जास्तीचा प्रकाश काचेऐवजी डोळ्याच्या आत तयार होतो. उन्हात उभा असलेला पंचविशीचा मुलगा आणि मोतीबिंदू झालेल्या त्याच्या आजी एकाच भागाकारात सापडतात.

आणि साडेचार? चांगल्या नजरेला ३ ला १ पुरतं, असं जुनी तांत्रिक मानकं सांगत होती. वयाच्या ऐंशीच्या आसपास नजर साधारण ६/१२ वर येते, म्हणजे चांगल्या नजरेला १२ मीटरवरून जे दिसतं ते ६ मीटरवरून दिसतं. चष्म्याच्या कागदावर हा आकडा आपण पाहिलेला असतो. अशा नजरेची फरक ओळखण्याची ताकद जितकी घटते, ती भरून काढायला दीडपट कॉन्ट्रास्ट लागतो. तीन गुणिले दीड, साडेचार. म्हणजे हा आकडा ठरवताना अंध व्यक्ती हिशेबात नव्हतीच. हिशेबात होतं आपलं सगळ्यांचं म्हातारपण.

जी व्यक्ती स्क्रीन पाहतच नाही तिच्यासाठी दुसरं आणि चौथं तत्त्व कामाला येतं. स्क्रीन रीडर पानाचा रंग वाचत नाही, रचना वाचतो: हे काय आहे, याचं नाव काय, अवस्था काय. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान ज्या कोडमध्ये लिहितात त्यात, खरं बटण ठेवलं तर "पुढे जा, बटण" असं ऐकू येतं आणि एंटर दाबलं की ते चालतं. नुसता रंगवलेला चौकोन ठेवून त्याला क्लिक जोडलं तर डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण टॅब दाबत गेलं की चौकोन चक्क ओलांडला जातो.

"एक ओळ कोड टाका, आमचं एआय तुमची साइट नियमांत बसवून देईल" अशा जाहिराती सध्या फार दिसतात. त्यावर विश्वास ठेवू नका. असे दावे करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. बटणाचं नावच मुळात दिलेलं नसेल तर वरून चिकटवलेली पट्टी फार तर अंदाज बांधणार, आणि पैसे पाठवण्याच्या पानावर अंदाज चालत नाही.

मराठी साइटना दोन गोष्टी जास्त सांभाळाव्या लागतात. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवायला हवं, नाहीतर स्क्रीन रीडर दुसऱ्याच भाषेचा आवाज लावू शकतो. दुसरी गोष्ट जुन्या फाँटची. पाणीकपातीची किंवा भरतीची एखादी पीडीएफ उघडा, त्यातलं एक वाक्य कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला आकडा देणारी पद्धत, वापरली असेल तर मराठीच उमटेल. जुना फाँट असेल तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसेल, आणि स्क्रीन रीडर नेमका तोच गोंधळ बोलून दाखवतो. कागद स्कॅन करून टाकला असेल तर कॉपी करायलाही काही सापडत नाही. जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलून देणारी कन्व्हर्टर फुकट मिळतात. बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरं मात्र एकदा नजरेखालून घालावी लागतात, चुका तिथेच राहतात.