मेंदूगाठीच्या रुग्णांना मनोसामाजिक आधार (कोकण)

मेंदूत गाठ झालेल्या रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना उपचारांच्या जोडीने मिळणारे समुपदेशन, मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला, पैशांची व राहण्याची मदत आणि घरी परतल्यावरची विचारपूस, असा या संज्ञेचा अर्थ. कोकणात उपचार एका ठिकाणी आणि घर दुसऱ्या ठिकाणी असल्याने हा आधार बहुधा अर्ध्यावर सुटतो.

रायगड-रत्नागिरीचे रुग्ण परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची (स्थापना १९४१) किंवा खारघरच्या त्याच्याच केंद्राची वाट धरतात. सिंधुदुर्गकरांना गोव्यातले बांबोळी किंवा कोल्हापूर जवळ. घातक गाठीचे किरणोपचार बहुधा सहा आठवडे चालतात. तोवर चाकरमानी भावाच्या खोलीत नाहीतर धर्मशाळेत मुक्काम. मोठ्या रुग्णालयातला वैद्यकीय समाजसेवक महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद आणि राहण्याची सोय पाहतो. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर व थ्री-एसी डब्यात भाडे माफ असते, सोबत्याला ७५ टक्के सवलत. मेनिंजिओमासारखी, म्हणजे मेंदूच्या आवरणातली गाठ बहुतेकदा कर्करोगाची नसते, म्हणून ही सवलत तिला नाही. घरच्यांचा घोर मात्र तेवढाच.

या आजारात खुद्द स्वभाव बदलू शकतो, आणि खरी अडचण इथेच आहे. कपाळामागच्या भागात गाठ असेल तर शांत माणूस शिवीगाळ करू लागतो, किंवा दिवसभर गप्प बसून राहतो. सूज उतरवण्यासाठी दिलेल्या डेक्सामेथासोन या औषधाने झोप उडते, भूक खवळते, चिडचिड वाढते. फिट आली की शेजारीपाजारी ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणतात आणि देवाला कौल लावायला सांगतात. देवाला गाऱ्हाणे घातल्याने घराला धीर येत असेल तर त्याला हरकत नाही. मात्र त्यापायी गोळ्या बंद होता कामा नयेत. ‘हा राग आजाराचा आहे’ एवढे डॉक्टरने रुग्णाच्या बायकोला नीट समजावले, तरी पुष्कळ काही सोपे होते. ओपीडीच्या गर्दीत नेमके तेच राहून जाते.

रत्नागिरीत राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. तिथे जायचे म्हणजे ‘वेडा ठरणे’, ही भीती अजून गेलेली नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात सल्ला मिळतो, आणि २०२२ पासून १४४१६ या टेलि-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा) क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते. रात्री रुग्णाजवळ जागणाऱ्या सुनेला किंवा आईलाही तिथे फोन करता येतो. त्यासाठी रुग्णाचे कागदपत्र लागत नाहीत.