खंदक खणताना सापडलेलं शहर

सिरियात युफ्रेटिस नदीच्या काठी कड्यावर दुरा-युरोपस नावाचं जुनं शहर आहे, आणि ते शोधायला कोणी आर्किऑलॉजिस्ट गेलाच नव्हता. १९२० चा मार्च, पहिलं महायुद्ध संपलेलं पण त्या भागात इंग्रज आणि अरबांच्या चकमकी चालूच, आणि सालिहियाच्या (या जागेचं आजचं नाव) पडक्या तटबंदीत ब्रिटिश इंडियन आर्मीची तुकडी मुक्काम ठोकून बसलेली. आपले शिपाई खंदक खणत होते तर मातीतून भिंत निघाली आणि भिंतीवर रंगीत माणसं, पांढऱ्या उंच टोप्यावाले पुजारी! नाव लागलं कॅप्टन मर्फीचं, फावडी चालवणाऱ्यांना कोण विचारतंय. शिकागो विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ ब्रेस्टेड तेव्हा बगदादकडेच होते, ते धावत आले पण सैन्य माघारी निघालेलं, म्हणून त्यांना मिळाला एकच दिवस. त्यात मोजमापं, फोटो, नोट्स सगळं उरकलं, आणि माती उपसायला परत शिपाईच.

आता ही चित्रं एवढी टिकली कशी, तर तेही लढाईमुळेच. इसवी सन २५६ च्या सुमारास इराणचं ससानी सैन्य चालून येणार म्हटल्यावर, शहर ताब्यात असलेल्या रोमन लोकांनी पश्चिमेच्या तटाला आतून आधार म्हणून लगतचा रस्ता, घरं, देवळं सगळं मातीने भरून टाकलं. शहर तरीही पडलं आणि ओसच राहिलं. त्याच भरावाखाली १९३२ मध्ये अमेरिकेचं येल विद्यापीठ आणि फ्रेंचांच्या टीमला सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मिळालं, भिंतीभर बायबलमधल्या गोष्टींची चित्रं. ज्यू लोक प्रार्थनास्थळात माणसांची चित्रं काढत नाहीत असं ठामपणे सांगणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली.

मला मात्र सगळ्यात हादरवलं ते तटाच्या टॉवर १९ या बुरुजाखालच्या भुयाराने. इराण्यांनी तट पाडायला खालून भुयार खणलं, रोमनांनी आतून दुसरं खणून त्यांना गाठलं. तिथे वीसेक रोमन सैनिक एकावर एक पडलेले सापडले आणि थोडा बाजूला एकच इराणी, चिलखतासकट. २००९ मध्ये सायमन जेम्स या ब्रिटिश अभ्यासकाने मांडलं की हे रोमन तलवारीने मेले नाहीत, इराण्यांनी डांबर आणि गंधक जाळून सोडलेल्या धुराने गुदमरले. दोन्हीचे अंश भुयारात होतेच, लक्ष कोणी दिलं नव्हतं.

२०११ नंतर सिरियात यादवी पेटली आणि चोरांनी तटाच्या आत इतके खड्डे मारले की सॅटेलाइट फोटोत जमिनीची अक्षरशः चाळण दिसते. सिनेगॉगची चित्रं आधीच दमास्कसच्या म्युझियममध्ये हलवलेली होती म्हणून वाचली.