समुद्री गवत आणि ‘३५ पट’चं गणित

‘समुद्री गवत वर्षावनाच्या ३५ पट वेगाने कार्बन शोषतं’ हे वाक्य गेली अनेक वर्षं बिनदिक्कत फिरतंय. मुळात ती तुलना दर हेक्टरी जमिनीत गाडल्या जाणाऱ्या कार्बनची आहे. वर्षावनाचा खोडा-फांद्यांत उभा असलेला कार्बन त्यात धरलेलाच नाही. शिवाय एकूण क्षेत्रफळात समुद्री गवताची ही कुरणं वर्षावनांपुढे दर्यामें खसखस!

खरी करामत चिखलात आहे. भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया गवताची मुळं, आडवी खोडं आणि गाळ गुंतून घट्ट थर बनतो. तो वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर चढतो. स्पेनच्या पोर्तलिगात उपसागरात तो कित्येक मीटर जाड आहे, तळाचा भाग हजारो वर्षांपूर्वीचा. आत प्राणवायूच पोहोचत नाही, त्यामुळे कुजणं रेंगाळतं.

यातलं सगळं श्रेय गवताचंही नाही बरं का. कुरणांच्या गाळातला साधारण निम्मा सेंद्रिय कार्बन बाहेरून, प्लवकांतून (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून) आणि किनाऱ्यावरच्या पालापाचोळ्यातून आलेला असतो. पानांमुळे पाणी मंदावतं आणि तो खाली बसतो. उलट, तिथले शंख-शिंपले कवच घडवताना कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो हिशेबातून वजा करायला हवा, पण सहसा कुणी करत नाही.

आणि हा साठा कायमचाही नव्हे. २०१०-११च्या सागरी उष्णतेच्या लाटेत ऑस्ट्रेलियातल्या ‘शार्क बे’ या उपसागरातल्या एक तृतीयांशाहून अधिक कुरणांची हानी झाली. त्यानंतरच्या तीन वर्षांत तिथून २० ते ९० लाख टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला असावा, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.