लोहगावची लिबरेटर आणि परदेशातली म्युझियमं : थोडी पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धातल्या एखाद्या विमानाचा चकचकीत फोटो फॅमिली ग्रुपवर आला की कोणीतरी म्हणतंच, बघा हे लोक इतिहास कसा जपतात, आपल्याकडे असतं तर जुन्या बाजारात किलोवर गेलं असतं. मीही बरीच वर्षं मान डोलवायचो. पण या विषयाचा नाद लागल्यावर कळलं की प्रकरण जवळजवळ उलटं आहे. किलोवर आधी त्यांनीच विकली, आणि आज त्यांच्या म्युझियममध्ये उभ्या असलेल्या विमानांपैकी काही तर आपल्या हवाई दलाने वीस वर्षं वापरून मग दिलेली आहेत. त्यात पुण्याचा भाग मोठा आहे आणि तो पुण्यात फारसा कोणाला माहीत नाही.

1945 ला युद्ध संपलं तेव्हा अमेरिकेकडे एवढी विमानं होती की ठेवायची कुठे हाच प्रश्न होता. अॅरिझोनातल्या किंगमनच्या वाळवंटात सुमारे साडेपाच हजार विमानं ओळीने आणून उभी केली, एकाच ठेकेदाराला विकली, आणि त्याने भट्ट्या लावून सगळी वितळवून अॅल्युमिनियमच्या विटा पाडल्या. काही तर कारखान्यातून निघून सरळ तिथेच आलेली, एकही लढाई न बघता. ब्रिटनमध्येही तेच झालं, स्पिटफायर ही त्यांची फायटर विमानं वीस हजारांच्या वर बनली होती, ती भंगारात गेली, ट्रेनिंगवाल्यांच्या अंगणात गेली, नाहीतर विमानतळाच्या गेटवर शोभेला उभी राहिली. त्यांना दोष देण्यात तसा अर्थ नाही म्हणा, जेट आलं होतं, देश कर्जात होता, आणि घराघरात माणसं गेलेली होती. अशा वेळी ते विमान जपून ठेवावं असं कोणाला वाटणार?

आता भारतात काय झालं ते बघा. अमेरिकेने ब्रिटिशांना युद्धात जी विमानं दिली ती लेंड-लीजच्या कराराने दिली होती, म्हणजे युद्ध संपलं की परत करा, पैसे भरा, नाहीतर निकामी करा. बी-24 लिबरेटर हे चार इंजिनांचं बॉम्बर त्यातलंच, एकूण अठरा हजारांच्या वर बनलेलं. ब्रिटिशांनी त्यांची इथली लिबरेटर कानपूरजवळच्या चकेरीला गोळा केली आणि मग पद्धतशीरपणे त्यांची वाट लावली, इंजिनांत वाळू ओतली, डॅशबोर्डची घड्याळं फोडली, पत्र्याला भोकं पाडली. हेतू एकच, परत कोणी उडवू नये. आणि ते सांगाडे तसेच टाकून ते मायदेशी निघून गेले.

1948 मध्ये काश्मीरची लढाई चालू होती, आपल्याकडे एकही जड बॉम्बर नव्हतं, विकत घ्यायला पैसे नव्हते आणि द्यायलाही कोणी फार उत्सुक नव्हतं. तेव्हा हिंदुस्तान एअरक्राफ्ट म्हणजे आजच्या एचएएलची माणसं चकेरीला त्या ढिगाऱ्यात शिरली. ही कंपनी 1940 मध्ये आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी बंगलोरला काढलेली, आणि युद्धाच्या काळात अमेरिकनांनी तिथे स्वतःची विमानं ओव्हरहॉल करून घेतली होती, त्यामुळे अमेरिकन विमान आतून कसं असतं हे तिथल्या फिटर लोकांना ठाऊक होतं. हा तपशील लोक विसरतात आणि मग सगळं जुगाड म्हणून सोडून देतात. जुगाड होतंच, पण हाताला सवय असलेल्या माणसांचं जुगाड होतं. याचं इंजिन, त्याची शेपूट, तिसऱ्याची चाकं असं करत एकेक विमान बंगलोरपर्यंत उडण्याइतपत उभं करायचं आणि एचएएलचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी ते उडवत न्यायचे, नीट दुरुस्ती मग तिकडे. अशी बेचाळीस लिबरेटर उभी राहिली. बेचाळीस! ज्यांनी फोडली त्यांना एवढी अपेक्षा नक्कीच नसणार.

इथून पुण्याचा भाग सुरू होतो. लोहगावचा तळ 1939 चा, मुंबईच्या रक्षणासाठी इंग्रजांनी केलेला. 1951 मध्ये हवाई दलाची सहा नंबरची स्क्वाड्रन, म्हणजे तुकडी, लिबरेटर घेऊन इथे उभी राहिली आणि समुद्रावर गस्त घालायचं काम करू लागली. म्हणजे अरबी समुद्रावर तासन् तास फिरून संध्याकाळी लोहगावला परत. आज विमाननगरला कानठळ्या बसवत सुखोई जातात ना, त्याच आकाशात 1968 पर्यंत महायुद्धातली बॉम्बर घरघरत होती, जगात बाकी सगळीकडून ही विमानं नाहीशी झाल्यावरसुद्धा.

आमच्या कॉलनीत एक काका होते, साठच्या दशकात लोहगावला ग्राउंड क्रूमध्ये होते. लहानपणी त्यांच्याकडून ऐकलेलं अजून आठवतं, की सकाळी इंजिन चालू करायच्या आधी चारही पंखे हाताने फिरवायचे, कारण रात्रभरात तेल खालच्या सिलिंडरमध्ये उतरून बसतं आणि तसंच स्टार्टर मारलं तर इंजिनाचा निकाल. थंडीत तीन-चार जण मिळून पातं ढकलायचे. बॉम्ब टाकायच्या जागेची दारं बाहेर उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखी गुंडाळत वर जातात, आणि आत पेट्रोलचा एवढा वास की हवा खेळायला ती थोडी उघडी ठेवूनच उडायचं. आम्हाला तेव्हा या गोष्टी बढाया वाटायच्या, नंतर वाचलं तर सगळ्या खऱ्या.

1968 ला लिबरेटर निवृत्त झाली आणि तेव्हा कुठे पश्चिमेला जाग आली, कारण एव्हाना युद्धात लढलेली पोरं पन्नाशीकडे आली होती, खिशात पैसे होते, म्युझियमं उभी राहत होती, आणि ज्या विमानाची हजारोंनी पैदास केली ते बघायलासुद्धा शिल्लक नव्हतं. जिथे होतं तो देश म्हणजे आपला. कॅनडाच्या म्युझियमने एक लिबरेटर नेलं आणि बदल्यात लायसँडर नावाचं एक छोटं विमान दिलं. हा सौदा मला फार आवडतो, कारण लायसँडर आपल्या हवाई दलासाठी साधं विमान नाही, 1942 मध्ये बर्मात जम्बो मजुमदारांच्या एक नंबर स्क्वाड्रनने जी लायसँडर उडवली ती मुळात टेहळणीची, त्यांना बॉम्ब लटकवून हे लोक जपानी तळांवर गेले होते. कॅनडाहून आलेलं ते लायसँडर आज दिल्लीला पालमच्या हवाई दल म्युझियममध्ये उभं आहे. 1969 ला एक लिबरेटर अॅरिझोनात टूसॉनच्या म्युझियमला गेलं, म्हणजे ज्या राज्यात भट्ट्या पेटल्या होत्या तिथेच! 1974 ला एक लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला मिळालं, भारतातून उडतच गेलं. म्हणजे ज्यांनी फोडलं त्यांनाच आपण दुरुस्त करून परत दिलं, वीस वर्षं वापरून.

फायटर विमानांचीही तीच गोष्ट. टेम्पेस्ट आणि स्पिटफायर आपण 1947-48 ला काश्मीरमध्ये वापरली, मग जेट आल्यावर ती बाजूला पडली. काही टेम्पेस्ट विमानतळांवर डिकॉय म्हणून उभी केलेली, म्हणजे शत्रूने वरून बघून बॉम्ब फुकट घालवावा म्हणून. शेतातल्या बुजगावण्याची नोकरी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश संग्राहक आले आणि ही बुजगावणी उचलून घेऊन गेले. जगात आज शिल्लक असलेली टेम्पेस्ट-टू या प्रकारची विमानं बहुतेक सगळी भारतातून गेलेली आहेत. स्वस्तात गेली का? गेली असणारच, पण तेव्हा आपल्याकडे ती कोणाला हवी होती हेही खरं.

यानंतर मात्र या धंद्याला खजिना शोधायचं स्वरूप आलं. 1942 मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर सहा पी-38 फायटर आणि दोन बी-17 बॉम्बर उतरली होती, माणसं वाचली, विमानं राहिली. पन्नास वर्षांत वर एवढा बर्फ साचला की 1992 मध्ये एक पी-38 काढायला सुमारे 80 मीटर खाली जावं लागलं, गरम पाण्याने बर्फ वितळवत विहिरीसारखा खड्डा केला, खाली विमानाभोवती गुहा केली आणि सुटे भाग करून एकेक वर ओढले. 2002 ला ते उडालं. याच्या उलट बर्माची गोष्ट, तिथे रंगूनला मिंगलाडोनच्या विमानतळाखाली पेट्यांमध्ये बंद नव्याकोऱ्या स्पिटफायर पुरल्या आहेत म्हणून एका इंग्रज शेतकऱ्याने कितीतरी वर्षं घालवली, 2012 ला ब्रिटनच्या पंतप्रधानांनी तिकडे जाऊन विषय काढला, जानेवारी 2013 ला खोदायला सुरुवात झाली, आणि विमानाचा एक नट पण निघाला नाही. आपल्याकडे वाड्याच्या भिंतीत सोन्याचे हंडे असतात ना, तसंच.

आता सापडलं तर पुढे काय, हा भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. अॅल्युमिनियम गंजत नाही असं आपण घरच्या भांड्यांवरून समजतो, पण विमानाचा पत्रा म्हणजे तांबं मिसळलेला मिश्रधातू, तो आतून पापुद्रे सुटत कुजतो, वरून ठीक दिसतो आणि बोट लावलं की पीठ. मॅग्नेशियमचे भाग असतील तर समुद्रात त्यांचं नामोनिशाण उरत नाही. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटची तर गंमतच, काही प्रकारचे रिव्हेट भट्टीत तापवून झटक्यात थंड केले की थोडा वेळच मऊ राहतात, मग आपोआप कडक होतात, म्हणून ते चक्क फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि लागतील तसे काढून लगेच ठोकायचे, कुल्फीसारखे. आणि एका मोठ्या विमानाला सगळे मिळून रिव्हेट लाखांत लागतात. भारतातून 1981 ला नेलेलं एक लिबरेटर अमेरिकेत पुन्हा उडवायला सुमारे 97,000 तासांचं काम लागलं, 1989 ला उडालं ते.

मग एवढं सगळं बदलल्यावर ते विमान तेच राहतं का? आमच्या ओळखीतल्या एकाने वडिलांची चेतक उभी केली, इंजिन दुसरं, पत्रा नवीन, सीट नवीन, वायरिंग नवीन, जुनं काय तर चेसिस नंबर आणि आरसी बुक, पण तो म्हणतो बाबांचीच गाडी. विमानांत हुबेहूब हेच चालतं, मूळ नंबराची पाटी आणि थोडासा सांगाडा असला की बाकी नवं घडवून त्याच नंबराने उडवतात. 1940 ला फ्रान्समध्ये कॅलेच्या किनाऱ्यावर उतरलेली एक स्पिटफायर 1980 ला वाळूतून वर आली, 2011 ला उडाली आणि 2015 ला लिलावात 31 लाख पौंडांना गेली. त्यातलं किनाऱ्यावरचं मूळ किती, हे विचारायचं नसतं.

म्हणून म्युझियमवाल्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो कारखान्यातून आल्यासारखं करा, दुसरा म्हणतो हातच लावू नका. लंडनच्याच म्युझियममध्ये नॉर्वेच्या तळ्यातून 1973 ला काढलेलं एक हॅलिफॅक्स बॉम्बर आहे, ते मुद्दाम तसंच मोडकं ठेवलंय. 2013 ला इंग्लिश खाडीतून जर्मन डॉर्नियर बॉम्बर काढलं ते प्लास्टिकच्या तंबूत ठेवून सायट्रिक अॅसिड म्हणजे लिंबूसत्त्व घातलेल्या पाण्याने महिनोन् महिने भिजवलं, फक्त मीठ निघावं आणि कुजणं थांबावं म्हणून, नवं करायला नाही. आणि या दोघांच्या मध्ये इजिप्तचा किस्सा. सहारात 1942 ला उतरलेलं एक पी-40 फायटर 2012 ला जसंच्या तसं सापडलं, सत्तर वर्षांच्या वाळूने घासून चकाकलेलं, पायलट कधीच सापडला नाही. ते अल अलामेनच्या म्युझियमला नेऊन असं भडक रंगवलं की गणपतीच्या मांडवातला देखावा वाटावा. जगभरच्या शौकिनांनी कपाळाला हात लावला. माझं मत विचाराल तर मी दुसऱ्या तटाचा, रंग कधीही देता येतो, उडालेला रंग परत आणता येत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला फारसा कोणी हात घातलेला नाही, आपल्याकडे बहुतेक वेळा विमान चौथऱ्यावर चढवतात, दर काही वर्षांनी ऑइल पेंट मारतात आणि पावसात उभं करतात. तरी त्यात पण कथा असतात. कमला नेहरू पार्कातलं मारुत, म्हणजे एचएएलनेच बनवलेलं जेट फायटर, बघत निम्मं पुणे मोठं झालं, पण त्याचं डिझाइन कर्ट टँकचं हे किती जणांना माहीत आहे? तोच टँक ज्याने हिटलरच्या हवाई दलाचं फॉकेवुल्फ 190 हे फायटर बनवलं होतं. युद्धानंतर तो फिरत फिरत 1956 ला एचएएलला आला, 1961 ला मारुत उडालं, 1971 ला राजस्थानच्या आघाडीवर लढलं. जर्मनांनी त्यांच्या डॉईचेस म्युझियमसाठी एक मारुत मागून नेलं ते यासाठीच. आपण त्याच्या खाली भेळ खातो. वाईट नाही तेही.

ते 97,000 तासवालं लिबरेटर, त्याचा व्हिडिओ मी काकांना त्यांच्या शेवटच्या वर्षांत मोबाइलवर दाखवला होता. अमेरिकन हिरवट रंग, नाकावर 'विचक्राफ्ट' असं नाव, हे नाव इंग्लंडहून जर्मनीवर जाणाऱ्या दुसऱ्याच एका प्रसिद्ध विमानाचं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे आपलं ब्रिटिशांकडून आलेलं, चकेरीला टाकलेलं, भारतात वीस वर्षं उडलेलं. काकांनी चष्मा लावून दोनदा बघितलं. मग म्हणाले, "आमची चांदीसारखी होती रे, रंग नव्हताच. याचा पत्रा घासला तर खाली आपला तिरंगी गोल निघेल बघ."