ड्रमर गेला तेव्हा: आर्ट एन्सेंबल ऑफ शिकागोची पार्श्वभूमी

आर्ट एन्सेंबल ऑफ शिकागो हा अमेरिकी जॅझ गट. रंगवलेले चेहरे आणि त्यातल्या लेस्टर बुईचा डॉक्टरी पांढरा कोट हे या मंडळींचं दिसणं; त्याचीच चर्चा जास्त होते. त्यांचं संगीत मात्र वेगळ्या वळणावर गेलं ते ड्रमरची जागा रिकामी झाल्यामुळे.

१९६५ साली शिकागोत मुहाल रिचर्ड एब्रम्स आणि सोबत्यांनी 'एएसीएम' ही वादकांची संघटना काढली. सदस्यांनी स्वतःच्याच रचना सादर करायच्या, हा तिचा आग्रह. सॅक्सोफोनवादक रॉस्को मिचेल तिथलाच; त्याच्याच गटातून पुढे आर्ट एन्सेंबल घडलं. त्याच्या १९६६च्या 'साउंड' या तबकडीत हार्मोनिका, शिट्ट्या, घंटा अशी 'छोटी वाद्यं' आधीच हजर आहेत, पण तिथे ड्रमर होता.

१९६७मध्ये त्याचा ड्रमर फिलिप विल्सन पॉल बटरफील्डच्या ब्लूज बँडमध्ये गेला. उरले मिचेल, ट्रम्पेटवर बुई आणि बासवर मलाकाय फेव्हर्स. जॅझमध्ये ड्रमरच्या झांजेचा सततचा छन-छन आवाज सगळ्या फटी बुजवतो. तो गेला की प्रत्येक थांबा उघडा पडतो. मग तिघंही घंटा, गाँग, सायकलचे भोंगे हाताळू लागले. हे दिसतं तितकं सोपं नाही. गाँगचा नाद विरायला कित्येक सेकंद लागतात. तेवढ्यात ट्रम्पेट पूर्ण जोरात आला तर नाद बुडालाच. म्हणजे आवाजाची पातळी सगळ्यात नाजूक वाद्यानं ठरवायची आणि बाकीच्यांनी पाळायची. वाद्य बदलतानाची शांतताही धरून बसावी लागते. घाबरून ती भरायला गेलं की नुसता खुळखुळाट उरतो. मोकळं वाजवणं म्हणजे वाटेल ते वाजवणं नव्हे, ते इथे कळतं.

एएसीएममधलाच सॅक्सोफोनवादक जोसेफ जार्मन, त्याच्या गटातले पियानोवादक क्रिस्टोफर गॅडी आणि बासवादक चार्ल्स क्लार्क पाठोपाठ वारले. जार्मन मिचेलच्या गटात आला. १९६९च्या उन्हाळ्यात चौघं शेकडो वाद्यांसह पॅरिसला गेले. नावातलं 'ऑफ शिकागो' तिथेच चिकटलं. त्याच वर्षीची 'पीपल इन सॉरो' ही सलग रचना सुमारे ४० मिनिटांची. तबकडीच्या एका बाजूवर ती मावेना, म्हणून मधोमध तोडली. साधीशी धून हळूहळू वर येते. आवाज कमी ठेवून ऐकलं तर सुरुवातीचं निम्मं कानांवर पडतच नाही.

१९७०मध्ये पॅरिसलाच डॉन मोये ड्रमर म्हणून सामील झाला. पण तोवर बाकी चौघांना सवय लागली होती. घंटा कुणीच खाली ठेवल्या नाहीत.